रंग गेला तं घेऊन या

मोठे बाबा, बसस्टॉपवरच्या फ्लेक्सवर तुम्हाला टाय लावलाय.

काळा कोट, निळा टाय, मागे कुठलातरी धबधबा. तुमचं डोकं त्या कोटावर नुसतं आणून ठेवल्यासारखं दिसतं. दादाला विचारलं, तर म्हणाला, "फ्लेक्सवाल्यानं फोनवर विचारलं, टाय लावू काय म्हणून. मी रडून राहिलो होतो. हो म्हटलं." मग आम्ही दोघं, तुमचा मुलगा आणि तुमची पुतणी, तुमच्याच श्रद्धांजलीखाली उभे राहून हसलो. पवनीच्या बसमधले लोक खिडकीतून आमच्याकडे बघत होते. तुम्हाला जाऊन आठवडाही झाला नव्हता. पण तुम्ही असता तर आधी कोटाचं कापड पाहिलं असतं, आणि "टेरिकॉट होय, उन्हाळ्यात मरन हा मानूस" असं काहीतरी म्हणाला असता.

हे मी मराठीत लिहितेय. "इंग्लिश मीडियमवाल्याइले मराठीत रडताही येत नाही," असं तुम्ही मला चिडवायचात. रडण्याचं माहीत नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी मला रडू आलं नाही, आणि ते सगळ्यांच्या लक्षात आलं. लिहून बघते.

आपली ओळख खरं तर उशिराच झाली. बाबा जवाहरनगरला फॅक्टरीत, म्हणून मी क्वार्टरमध्ये वाढले, इंग्रजी शाळेत शिकले. तुमच्या गावी कोंढ्याला आम्ही सणावारी यायचो, आणि आलो की मी तुमच्या दुकानातल्या कापडाच्या गठ्ठ्यांमागे पुस्तक घेऊन बसायचे. तिथून सगळं दिसायचं आणि मी कुणाला दिसत नसे. पाहुणे विचारायचे, "कितवीत हाय वं? बोलत काहून नाही?" मग आईच उत्तर द्यायची. तुम्ही मात्र कधी काही विचारलं नाहीत. एकदा फक्त गठ्ठ्यांवरून वाकून म्हणालात, "उजेड पुरते काय तठी?" आणि बल्ब बदलून दिलात.

मग बी.एस्सी. झाल्यावर मी घरीच होते, तेव्हा बाबा एकदा म्हणाले, "मोठ्या भावानं फोटो छापाचं मशीन आणलं. त्यातलं पुस्तक इंग्रजीत हाय. जरा जाऊन वाचून दे." मी एका रविवारी वाचून द्यायला म्हणून आले, आणि मग दर रविवारी येत राहिले.

तुमच्या बिस्किटाच्या डब्यात जुन्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्ह होत्या. मागावर बसलेली माणसं, खळ्यावरची धानाची रास, बोडीच्या तळ्यात डुंबणाऱ्या म्हशी, लग्नानंतरच्या वर्षातली मोठी आई. सगळं ब्लॅक अँड व्हाइट. भंडाऱ्याच्या ज्या स्टुडिओत तुम्ही ते छापून घ्यायचात, त्याने ते काम कधीच बंद केलं होतं. नागपूरला टाकले तर रंगीत कागदावर छापून यायचे, आणि म्हशी जांभळ्या दिसायच्या. "म्हैस जांभरी होय काय वं?" असं तुम्ही मला पहिल्याच दिवशी विचारलंत. मी मान हलवून नाही म्हटलं. "मंग. आपल्याले कारा पाह्यजे. बस." काळ्याला तुम्ही कारा म्हणायचात, आणि तुमच्या तोंडी तो आमच्या काळ्यापेक्षा जास्त काळा वाटायचा.

मशीन बसवणं म्हणजे वायर लावून बटण दाबणं, असं तुमचं मत होतं. मी पुस्तकाचं पहिलं पान वाचत होते, तोपर्यंत तुम्ही बटण दाबलं होतं. आतून करकर आवाज यायला लागला. "गानं म्हनून राहिलं," तुम्ही खुशीत म्हणालात. मी पान उलटलं. वाहतुकीत हलू नये म्हणून आत लावलेल्या नारिंगी चिकटपट्ट्या आधी काढायच्या होत्या. बाहेरच्या तुम्ही काढल्या होत्या, आतली तशीच होती. ती काढल्यावर गाणं थांबलं. तुम्ही जरा नाराजच झालात.

शाई भरताना तुम्ही मोठ्या आईचं तेलाचं नरसाळं आणलंत. मी म्हटलं, बाटलीचं तोंडच तसं केलेलं आहे, नरसाळं नको. माझा आवाज बहुतेक माझ्यापर्यंतच पोहोचला. तुमची बोटं आठवडाभर काळी-निळी राहिली, आणि मोठ्या आईने तुम्हाला दुकानातल्या पांढऱ्या कापडाला हात लावायची बंदी केली. गिऱ्हाइकाने धोतरजोडी मागितली की तुम्ही हात मागे बांधून नुसतं हनुवटीने दाखवायचात, "ते वरची. नाही, त्याच्या बाजूची." आणि मोठी आई काढून द्यायची.

निगेटिव्ह स्कॅन करून कॉम्प्युटरवर घेतल्या, आणि पहिला फोटो तिचाच छापायचा ठरला. कागदाची कोणती बाजू वर ठेवायची हे पाकिटावर लिहिलेलं होतं, पण तुम्ही मला वाचू दिलं नाहीत. "कपड्याची सुलटी बाजू अंधारात सांगतो मी. कागद काय मोठा लागून गेला?" तुम्ही कोपरा दोन बोटांत चोळलात, डोळे मिटलेत, आणि ठामपणे उलटी बाजू वर ठेवलीत. शाई कागदावर तशीच ओली तरंगत राहिली. तुम्ही फोटो कौतुकाने उभा धरलात, आणि मोठ्या आईचं तरुणपण हळूहळू खाली ओघळलं. आधी डोळे, मग नथ.

ती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "जित्तेपनी मले धुवून काहाडलं."

त्या दिवशी मी तुमच्या घरी पहिल्यांदा मोठ्याने हसले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, पण काही बोलला नाहीत. त्याबद्दल आभार मानायचे राहिले.

कागद सुलटा ठेवल्यावर पुढचं भांडण सुरू झालं, आणि ते तुम्ही गेलात तरी संपलेलं नाही. त्या मशीनमध्ये काळी शाई होती, आणि तीन रंगांच्या शाया होत्या. फक्त काळ्याने छापलं तर फोटोत रवाळ ठिपके दिसायचे, गालावर रवा सांडल्यासारखे. चारही शाया मिळून छापलं तर गाल मऊ यायचे. मी मऊच्या बाजूने होते. तुम्हाला ते पटायचं नाही.

"काऱ्या फोटोत लाल-निरा काहून टाकाचा?"

"मोठे बाबा, ते दिसत नाहीत. मिळून करडा होतो."

"दिसत नाही तं टाकाचा कायले?"

मी चारही शायांनी छापलेला खळ्यावरचा फोटो पुढे केला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो इतका सुंदर दिसत होता की मला वाटलं, आता तुम्ही मानाल. तुम्ही तो घेतलात आणि दाराकडे निघालात.

तुमच्या दुकानातला हा रिवाज मी गठ्ठ्यांमागून शेकडो वेळा पाहिला होता. बायका साडी पसंत करायच्या, आणि तुम्हीच त्यांना सांगायचात, "अंदर नको पाहू, बाहेर पाह्य. ट्यूबलाइट लबाड असते." मग ती बाई साडी घेऊन उंबरठ्यावर जायची, उन्हात पदर तिरपा धरायची, अंगठ्याने काठ घासायची आणि विचारायची, "रंग जाईन काय?" तुमचं उत्तर ठरलेलं असायचं: "रंग गेला तं घेऊन या. बदलून देतो." एक म्हातारी खरंच घेऊन आली होती, आणि तुम्ही खरंच बदलून दिलीत. एवढं सगळं झाल्यावर ती बाई उंबरठ्यावरून आत यायची. "साडी हातात पुढं धरून आली तं अजून भाव करन," तुम्ही मला एकदा हळूच सांगितलं होतं, "छातीशी धरून आली तं समजाचं, घेतली. मंग आपुन काही बोलाचं नाही."

तसे तुम्ही माझा फोटो घेऊन उंबरठ्यावर गेलात, उन्हात तिरपा धरलात आणि मला हाक मारलीत. मी आले. खळ्यावरचा माणूस, त्याची म्हैस, धान, आभाळ, सगळं किंचित गुलाबी झालं होतं. नवऱ्या मुलीला हळद लागते तसा त्या म्हशीला गुलाल लागला होता.

"आता सांग," तुम्ही म्हणालात.

मी फोटो परत घेतला. आत जाऊन रात्रीच्या बसपर्यंत तो गुलाबीपणा काढत बसले. थोडा काढला तर हिरवा व्हायचा, हिरवा काढला तर परत गुलाबी. कॉम्प्युटरचा पडदा फार उजळ ठेवला होता म्हणून फोटो गडद येतात, हेही तेव्हाच कळलं. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या चौकोनांची एक पट्टी छापायची, उंबरठ्यावर न्यायची, परत यायचं, आकडा बदलायचा. तुम्ही दारात आणि मी आत. "हिरवट!" तुम्ही ओरडायचात. "आता?" "आता जांभरा!" रस्त्याने जाणाऱ्यांना वाटायचं, आपण साड्याच विकतोय. शेवटी एकदा पट्टी तुमच्या हातातून परत आलीच नाही. मी बाहेर आले, तर तुम्ही चष्मा कपाळावर चढवून, पट्टी नाकाला लावून, डोळे बारीक करून बघत होता, आणि तोंड उघडंच होतं, पुढचं काहीतरी बोलायच्या बेतात. मी माझा डिजिटल कॅमेरा उचलला आणि फोटो काढला.

"करडा आला," तुम्ही म्हणालात. मग लगेच, "पन नुसता कारा याच्याहून बरा."

प्रिंटर आठवडाभर बंद राहिला तर त्याच्या तोंडाशी शाई सुकते, हे मी तुम्हाला वाचून दाखवलं, तेव्हापासून रविवार ठरला. "मशीनले उपास नाही घडला पाह्यजे." त्या आठवड्यात दुकानात जो येईल त्याचा फोटो मी काढायचा आणि रविवारी छापायचा. मला वाटलं होतं, कोणी तयार होणार नाही. बायका केस नीट करून यायला लागल्या. एकीने तक्रार केली, "लाल साडी नेसून आली होती, तुमी कारी केली." तुम्ही म्हणालात, "लाल माह्या दुकानात पाह्य. फोटोत कारीच बरी." सरपंचांचा फोटो छापताना नाकापर्यंत आला आणि लाइन गेली, वीजच बंद. परत छापू म्हणून मी कागद काढला, तर तुम्ही तो अर्धा फोटोच भिंतीला लावलात. "बोडीचं काम अर्धं केलं, फोटोही अर्धा." सरपंच दर वेळी तो उतरवायला लावायचे, आणि ते गेले की तुम्ही परत लावायचात.

कुणी मला काही विचारलं, की तुम्ही माझ्या आधी सांगून टाकायचात, "ते बोलत नाही, छापते." मला तेव्हा राग यायचा, की बरं वाटायचं, अजून ठरलेलं नाही.

मग तो दिवस. पट्टी वाळत होती, मोठी आई भाजी निवडत होती, आणि तुम्ही सहज म्हणालात, "माहा हार घालाचा फोटो मीच छापून ठेवीन. तुमचा काही भरोसा नाही."

मोठी आई ताडकन उठली. "दिवेलागनीच्या वेरी काय बोलता?"

"सकारी बोलू काय मंग?"

तिने पातेलं आपटलं. तुम्ही मला डोळा मारलात आणि डब्यातून तुमच्या पसंतीचा फोटो काढलात. दुकानाच्या गादीवर ताठ बसलेले, हातात कापड मोजायचा गज धरलेला, चेहऱ्यावर कडक इस्त्री. "मालक वाटलो पाह्यजे." मी कॉम्प्युटरवर माझ्या पसंतीचा दाखवला, उंबरठ्यावरचा. तुम्ही बघत राहिलात. "तोंड उघडं हाय. माशी जाईन."

"पण तुम्ही असेच दिसता."

"हाराखाली असं दिसाचं नसते वं."

मी म्हटलं, हाच लावीन. एवढं ठाम मी कुणाशी बोलल्याचं मला आठवत नाही. तुम्ही म्हणालात, "मंग नुसत्या काऱ्यानं छाप. तुहे लाल-निरे माह्या अंगावर नको." मी म्हटलं, नाही, चारही शायांनी छापीन, गाल मऊ येतील. तुम्ही म्हणालात, "मऊ गाल कोनाचे? माहे?" मोठी आई आतून म्हणाली, "दोघंही चूप बसा." आणि ते भांडण तिथेच राहिलं.

तुमच्या आजारपणाबद्दल मी लिहिणार नाही. तुम्हालाही ते आवडलं नसतं, आणि त्यात तुम्ही तुमच्यासारखे दिसत नव्हता. एकच लिहिते. दवाखान्यात मी तुमच्याजवळ बसले होते, रविवार होता, आणि तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "मशीनले खाऊ घातलं काय?" मी म्हटलं, पुढच्या रविवारी घालू, दोघं मिळून. तुम्ही मान हलवलीत. मशीनवर तुम्ही जुन्या साडीचा तुकडा पांघरून ठेवला होता, आणि भर उन्हाळ्यात ते महिनाभर तसंच उपाशी राहिलं.

तेरवीसाठी दादा स्टुडिओतून रंगीत फोटो करून आणणार होता, फ्लेक्सचाच, टायसकट. मी म्हटलं, मी छापते. त्याने माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. "होईन तुझ्यानं? मशीन बंद हाय ना?" मी म्हटलं, होईल. खरं तर मला माहीत नव्हतं. टायमधला तो माणूस त्या भिंतीवर कायमचा लागला, तर तुम्ही दुसऱ्यांदा जाल, एवढंच डोक्यात होतं.

साडीचा तुकडा काढला आणि तपासणीच्या रेघांची पट्टी छापली. कागद जवळजवळ कोरा आला. पुस्तकात सांगितलं आहे तसं मशीनला त्याचं हेड, म्हणजे शाईचं तोंड, साफ करायला लावलं. परत छापली. परत साफ केलं, थांबले, परत छापली. दादा मधूनमधून डोकावून जात होता. दुपारी काळ्या रेघा तुटक तुटक यायला लागल्या, संध्याकाळपर्यंत त्या अखंड आल्या. लाल, निळा, पिवळा, तिघंही शेवटपर्यंत उघडले नाहीत. थोडे जरी उघडले असते तरी मी भांडत राहिले असते. पण तुम्ही वरून काहीतरी केलंत, अशी मला शंका आहे.

पाकिटात चांगला कागद एकच उरला होता. बाकीचे आपण करड्या पट्ट्यांत उडवले. म्हणजे फोटो एकच छापता येणार होता, तोही फक्त काळ्याने. गज धरलेला मालक की उघड्या तोंडाचे तुम्ही. मी कागदाचा कोपरा चोळला नाही, पाकिटावर वाचलं. लाइन जाऊन आली होती, म्हणजे आता काही वेळ जाणार नव्हती. उंबरठ्यावरचा फोटो उघडला आणि बटण दाबलं.

तो हळूहळू बाहेर आला. कपाळ, चष्मा, बारीक केलेले डोळे. गालावर ठिपके आले, रवाळ, माझ्या भीतीप्रमाणेच. आणि ते ठिपके हुबेहूब तुमच्या दाढीच्या खुंटांसारखे दिसत होते. तुम्ही कधी रोज दाढी करायचात? मऊ गाल कोणाचे, हे तुम्ही बरोबर विचारलं होतं.

तेरवीच्या सकाळी दादा म्हणाला, "छान आला. आण, फ्रेम करून लावतो." फोटो माझ्या हातात होता, डोक्यावर ट्यूबलाइट होती, आणि मला तो देता येईना. उंबरठ्यावर न पाहिलेलं काही या दुकानातून कधी गेलं नव्हतं. पण उंबरठ्यासमोरच मांडव होता, आणि मांडवात सगळं गाव बसलेलं. ज्यांच्यापासून लपून मी आयुष्यभर गठ्ठ्यांमागे बसले, ते सगळे.

मी बाहेर गेले. उन्हात फोटो तिरपा धरला. गुलाबी नव्हता, हिरवा नव्हता. कारा होता, मोठे बाबा.

मान वर केली तर सगळे माझ्याकडे बघत होते. मग त्यांना माझ्या हातातले तुम्ही दिसलात, तोंड उघडं, काहीतरी बोलायच्या बेतात. त्या उंबरठ्यावर तुमच्याशी वाद घातला नाही असा तिथे कोण होता? पुढच्या रांगेतून सरपंच म्हणाले, "पाह्य गा! माहा अर्धा छापला, अन् सोताचा पुरा छापून घेतला." आधी एक जण हसला, मग मांडवच हसला. तुमच्या तेरवीला. मी पण हसले, आणि मग जे त्या दिवशी आलं नव्हतं ते आता हसता हसता आलं, सगळ्यांसमोर, आणि मी तोंड लपवलं नाही.

"कोनं काहाडला वं?" मागून एका बाईने विचारलं. तुमच्यासारखं आधी सांगून टाकणारं कोणी नव्हतं.

"मी," मी म्हटलं. "काढला पण मी, छापला पण मी."

तेवढ्यात मोठी आई बाहेर आली. तिने माझ्या हातातून फोटो घेतला, उन्हात तिरपा केला, जवळ नेला, लांब धरला. अंगठ्याने कोपरा हळूच घासला. सगळे बघत होते. मग तिने विचारलं, मला, गिऱ्हाइकासारखं, "रंग जाईन काय वं?"

"रंग गेला तं घेऊन या, मोठी आई," मी म्हटलं, मांडवाच्या शेवटपर्यंत ऐकू जाईल एवढ्याने. "पुन्हा छापून देईन."

ती वळली आणि उंबरठा ओलांडून आत गेली. दादा फ्रेम घेऊन वाट बघत होता. फोटो तिने हातात पुढे धरला नव्हता. छातीशी धरला होता.

मग मी काही बोलले नाही.